‘गुन्हाच नव्हता, तर माफी कसली?’

ताई, स. न. वि. वि.

मी कोपरखैरण्याला भावाच्या घरी राहतो. वय ५२. डिसेंबर २००६ मध्ये मला खुनाच्या गुन्ह्यात अटक झाली. जो गेला तो माझा दोस्त होता, आमचा भागीत एक टेम्पो होता. त्या रात्री तुर्भ्याला एका टपरीवर चहा घेतला, मी घरी आलो, तो आला नाही. टपरीवाल्याने कोर्टात सांगितलं की दोघं भांडत होते आणि एकत्रच खाडीकडे गेले. भांडण झालं होतं हे खरं, टेम्पोच्या हप्त्यावरून. एकत्र गेलो हे खोटं. आमच्या वकिलाने तेव्हाच सांगितलं होतं, ‘रागाच्या भरात झालं अशी लाइन घेऊ, तीनशे दोनचं तीनशे चार होईल, आठ-दहा वर्षांत बाहेर येशील.’ मी नाही म्हणालो. २००९ ला ठाणे सेशन कोर्टात जन्मठेप लागली. २०१५ ला हायकोर्टात अपील फेटाळलं. पुढे दिल्लीला जायला पैसा नव्हता. २०१७ ला आई गेली, तेव्हा मी नाशिकरोडला होतो. २०२४ ला माफी मिळून सुटलो.

आता पुतणीचं लग्न बघतायत. भाऊ म्हणतो, मुलाकडच्यांना सांग, चूक झाली, रागात झाली, भोगून आलो. पस्तावलेल्या माणसाला लोक घरात घेतात, तुझ्यासारख्या अडून बसलेल्याला नाही. मी म्हटलं, जे केलं नाही ते केलं म्हणणार नाही. तर म्हणाला, ‘गुन्हाच नव्हता, तर माफी कसली घेतलीस?’ दीड महिना झाला, आम्ही बोलत नाही. केसचे कागद मागायचेत, तेही मागवत नाहीत. ते त्याच्याकडेच असतात, माळ्यावर, रेक्झिनच्या पिशवीत. दर दोन-तीन पावसाळ्यांनी तो पिशवी बदलतो.

ता. क. तो टपरीवाला दिघ्याला राहतो. किडन्या गेल्यात, डायलिसिस चालू आहे. त्याला मला भेटायचंय असा निरोप आलाय. जाऊ का?

– एक वाचक, कोपरखैरणे

---

दादा,

घाईचा प्रश्न तुम्ही ता. क. मध्ये टाकलाय, म्हणून त्याचं उत्तर आधी. दिघ्याला जाऊ नका. फोनही करू नका, आणि ज्याने निरोप आणला त्याच्यामार्फत उलट निरोपही पाठवू नका. कारण खाली सांगते.

दुसरी गोष्ट, जी ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही. तुम्ही खून केला की नाही, मला माहीत नाही. तुमचं एक पानी पत्र वाचून मी ‘तुम्ही निर्दोष आहात’ असं लिहिलं, तर त्याची किंमत शून्य. मी काही वर्षं ठाण्यात वकिली केली, विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवर नाव होतं, त्यामुळे ठाणे जेलच्या फेऱ्या व्हायच्या. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेल्या किल्ल्याच्या त्या भिंतीतून बाहेर पडून कोर्ट नाक्याला चहा घेताना आम्हा वकिलांचा एक ठरलेला विनोद होता: ‘आत सगळे निर्दोषच असतात रे.’ मीही हसायचे. हसताना डोक्यात यायचं नाही की खोटं बोलणारे शंभर असले म्हणून एकशे एकावा खोटा ठरत नाही. पण तो एकशे एकावा कोण, हे बाहेरून ओळखण्याची युक्ती माझ्याकडे तेव्हा नव्हती, आताही नाही. त्यामुळे पुढचं सगळं मी तुमचा शब्द खरा धरून लिहितेय. खोटा असेल तर तुमचं तुम्हाला माहीत.

आता भावाचा प्रश्न. ‘माफी’ या शब्दाने तुमच्या घरात घोळ केलाय. घरात माफी म्हणजे ‘चुकलो, पदरात घ्या’. जेलमध्ये माफी म्हणजे हिशेब. कामाचे इतके दिवस, चांगल्या वागणुकीचे इतके, रजेवरून वेळेत हजर झाल्याचे इतके. आत कैदी एकमेकांना ‘किती माफी पडली?’ विचारतात ते पगारवाढ विचारावी तसं. हे तुम्हाला मी सांगायला नको, पण भावाला कुणी सांगितलंय का?

कायद्यातही तसंच आहे. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, चौदा वर्षं नव्हे. हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये, गोपाळ गोडसे यांच्या अर्जावर सांगितलंय. चौदाचा आकडा आला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १९७८ च्या दुरुस्तीतून. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली असेल, तर माफीचे दिवस न धरता चौदा वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सरकारला या कायद्याखाली सोडता येत नाही. त्यानंतर मुदतपूर्व सुटकेचा विचार होतो आणि तो करताना काय बघायचं, हे २००० सालच्या लक्ष्मण नस्कर खटल्यात आलंय: गुन्ह्याचा समाजावर परिणाम झाला का, हा माणूस पुन्हा असं करेल का, त्याला आणखी आत ठेवण्यात काही अर्थ उरलाय का, त्याच्या घरची स्थिती काय. ‘गुन्हा कबूल केला का’ हा प्रश्न त्या यादीत नाही. एखादा साहेब विचारतो, ‘पस्तावा झाला का?’ तुम्हालाही विचारलं असेल. पण ती त्या साहेबाची चौकशी, कायद्याची अट नव्हे. तुम्ही सुटलात म्हणजे काही कबूल केलंत असं होत नाही. आणि दुसऱ्या बाजूने, सुटलात म्हणून डागही पुसला जात नाही. शिक्षा कमी झाली, दोषी ठरवणारा निकाल जागच्या जागी आहे.

काही देशांत हे प्रकरण फार वाईट थराला जातं. इंग्लंडमध्ये २००४ साली एकाला जन्मठेप झाली, गुन्हा बलात्काराचा होता. किमान मुदत सात वर्षांच्या आसपास. तो १७ वर्षं आत राहिला, कारण ‘मी केलंच नाही’ म्हणणं त्याने सोडलं नाही आणि न कबूल करणारा माणूस सुधारला असं तिथली व्यवस्था सहजी मानत नाही. २०२३ मध्ये डीएनए तपासणीवरून न्यायालयाने त्याला दोषी ठरवणारा निकालच रद्द केला. आपल्याकडे हा पेच सुटकेच्या वेळी येत नाही, तो फार आधी येतो. तुमच्या वकिलाने तो तुमच्यापुढे ठेवला होता.

अचानक भांडण पेटलं, रागात हात उचलला गेला असं कोर्टाला पटलं, तर खुनाचा सदोष मनुष्यवध होतो, आणि ३०४ च्या दुसऱ्या भागात जास्तीत जास्त दहा वर्षं. ‘मी नव्हतोच, आणि असलोच तर रागात होतो’ असं दोन्ही एकदम मांडता येतं, असं पुस्तकात आहे. प्रत्यक्षात न्यायाधीशांसमोर दुसरं वाक्य आलं की पहिलं मेलं. मीसुद्धा एका अशिलाला हाच सल्ला दिला होता. ठाणे जेलच्या मुलाखतीच्या जाळीपलीकडे तो उभा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मॅडम, मग मी घरी गेल्यावर पोराला काय सांगू, कुठल्या हाताने मारलं?’ मला राग आला होता. मी केस जिंकायचा रस्ता दाखवतेय आणि हा हात विचारतोय! तुमचं पत्र वाचताना तो माणूस आठवला, आणि माझा तो रागही.

पण हेच दुसऱ्या बाजूने बघा. तुम्ही वकिलाला नाही म्हणालात ते कुणाच्या जिवावर? तीनशे चार झालं असतं तर २०१६ च्या आत तुम्ही घरी असता. आई २०१७ ला गेली. भावाने हा हिशेब केला नसेल असं तुम्हाला वाटतं? दर महिन्याची मनीऑर्डर, नाशिकरोडच्या फेऱ्या, आईची आजारपणं, ‘तुमचा भाऊ काय करतो?’ या प्रश्नाला वर्षानुवर्षं द्यावी लागलेली उत्तरं. तुमचा खरेपणा तुम्ही जपलात, त्याचे हप्ते त्याने भरले, आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं. ‘माफी कसली घेतलीस’ हे मला तरी खुनाबद्दलचं वाक्य वाटत नाही. ‘तू दहा वर्षांत का आला नाहीस’ असं विचारता येत नाही, म्हणून ते असं बाहेर पडलंय.

आणि ती पिशवी. तुम्ही सहज लिहून गेलात, मी तिथे थांबले. भाऊ खुनी आहे असं ज्याच्या मनाने घेतलंय तो माणूस केसचे कागद अठरा वर्षं माळ्यावर ठेवून, दमटपणा लागू नये म्हणून पिशव्या बदलत बसत नाही. रद्दीवाला दारात येतो हो आठवड्याला. नवी मुंबईतल्या त्या एवढ्याशा घरांत माळ्यावरची दोन फूट जागा म्हणजे काय, हे तिथे राहणाऱ्याला विचारावं.

त्याला तुम्ही खुनाची कबुली देऊ नका. ती त्याला नकोच आहे, कितीही मागत असला तरी. पण वकिलाला नाही म्हणताना तुझा आणि आईचा विचार मी केला नव्हता, किंवा केला होता आणि तरी नाही म्हणालो, यातलं जे खरं असेल ते त्याला सांगा. हे बोलणं तुमचं राहून गेलंय. आत असताना मुलाखतीच्या वीस मिनिटांत असलं बोलता येत नाही. बाहेर येऊनही तुम्ही फक्त ‘मी केलं नाही’ एवढंच बोलत राहिलात. ते त्याने ऐकलंय.

आता लग्न. भाऊ म्हणतो ते अगदीच चूक नाही, आपल्या समाजाला पस्तावलेला गुन्हेगार कळतो. त्याला पाणी द्यायचं, ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणायचं, आपणही मोठे होतो. ‘मी केलंच नाही’ म्हणणारा माणूस समोर आला की ऐकणाऱ्याची पंचाईत होते. याच्यावर विश्वास ठेवला तर कोर्टाचं काय? नाही ठेवला तर याच्या हातचा चहा कसा प्यायचा? म्हणून लोकांना सोयीचं उत्तर हवं असतं. तुम्ही ते देऊ नका. पण दारात आलेल्या पाहुण्यांपुढे खटलाही चालवू नका. पंचनामा, टपरी, वकील, हायकोर्ट यातलं काही त्यांच्या कानावर घालायचं कारण नाही. त्यांना एवढंच सांगा:

‘मला खुनाच्या केसमध्ये जन्मठेप झाली होती. मी ते केलं नाही असं पहिल्या दिवसापासून म्हणत आलोय, कोर्टाने ते मानलं नाही. शिक्षा भोगून २०२४ ला सुटलो. काही विचारायचं असेल तर मला विचारा, पोरीला नको.’

आणि हे आधी सांगा, सुपारी फुटायच्या आधी. नंतर बाहेरून कळलं तर त्यांचा राग खुनाबद्दल नसेल, लपवल्याबद्दल असेल, आणि तो रास्त असेल. ही चार वाक्यं ऐकून जे स्थळ उठून जाईल ते भावाचं ‘रागात झालं’ ऐकूनही सहा महिन्यांनी टोमणे मारणारंच होतं, असं मला वाटतं. पण मी चुकत असेन. म्हणून पुतणीला विचारा. घर तिचं उभं राहायचंय, आणि तुमच्या अख्ख्या पत्रात तिचं मत कुठे नाही. समजा ती म्हणाली की काका, पहिल्या भेटीला तुम्ही नसलात तर बरं, तर त्या दिवशी वाशीला एखादी चक्कर मारून या. त्याने तुमचं निर्दोषपण कमी होत नाही.

कोर्टाचं काय करता येईल, तेही सांगते. आपल्याकडे संपलेला खटला नव्याने तपासणारं स्वतंत्र मंडळ नाही, इंग्लंडमध्ये १९९७ पासून आहे तसं. तुमच्यासाठी दिल्लीचा दरवाजा मात्र अजून पूर्ण बंद नाही. हायकोर्टाच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका करता येते. मुदत ९० दिवसांची, तुम्हाला दहा वर्षांवर उलटली. उशीर माफ करा (बघा, इथेही माफीच) असा अर्ज सोबत द्यावा लागेल. जेलमध्ये होतो, पैसा नव्हता, ही कारणं ऐकून घेण्यासारखी आहेत, तरी खात्री नाही. शिक्षा भोगून झाली तरी दोषसिद्धीविरुद्ध दाद मागण्यात अर्थ उरतो. वकिलाच्या पैशांसाठी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करा. आत असताना मोफत वकील हा तुमचा हक्कच होता, आता उत्पन्नाचा दाखला लागेल. सर्वोच्च न्यायालयाची स्वतःची विधी सेवा समिती आहे, ठाण्यातून अर्ज तिकडे जातो.

आशा किती ठेवायची? थोडी. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनचं २००३ मधलं खुनांचं प्रकरण मला नेहमी आठवतं. भटक्या जमातीतल्या सहा जणांना सेशन कोर्टाने फाशीची शिक्षा दिली, हायकोर्टाने तिघांची कायम केली, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ ला सहाही जणांना सोडलं, आणि राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत असं सांगितलं. जिवंत वाचलेल्या बाईने पोलिसांच्या फोटोंमधून दुसऱ्याच चार जणांवर बोट ठेवलं होतं, आणि तो धागा पुढे नेलाच गेला नव्हता, असं निकालात आलं. सोळा वर्षं तो कागद कुठेतरी होताच. तुमच्या पिशवीतही काय आहे ते कुणीतरी नीट वाचायला हवं. माणसं शेवटची एकत्र दिसली एवढ्या एका धाग्यावर शिक्षा टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा म्हटलंय. तुमच्या निकालात त्याशिवाय काय होतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नव्या वकिलासमोर लपवू नका.

राज्यपालांकडे घटनेच्या कलम १६१ खाली अर्ज हाही एक मार्ग आहे. १९८८ मध्ये केहर सिंग (इंदिरा गांधी हत्या खटल्यातले दोषी) यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की दयेचा अर्ज बघताना राष्ट्रपती पुराव्याकडे नव्याने पाहू शकतात. पण त्या अर्जाचं नावच दया. तुमचा स्वभाव बघता ते तुम्हाला झेपेल असं वाटत नाही.

आणि समजा उद्या सुटलात निर्दोष, तरी निकालात बहुधा ‘संशयाचा फायदा’ असंच असेल. शेजारी म्हणतील, पुराव्याअभावी सुटला. कोर्टाच्या कागदाने घरातला अबोला जाईल, अशा आशेवर दिल्लीला जाऊ नका.

तुम्ही ज्यांचा उल्लेखच केला नाहीत, ते दोस्ताच्या घरचे. त्यांच्या दारात ‘मी नव्हतो’ सांगायला कधीही जाऊ नका. तुमचं खरं असेल तर त्यांच्या माणसाला मारणारा कधी सापडलाच नाही, असा त्याचा अर्थ होतो. इतक्या वर्षांनी ही बातमी घेऊन जाणारे तुम्ही असू नये.

आता दिघा. मरणाच्या दारातल्या साक्षीदाराला बोलायचंय, याने तुमची झोप उडाली असेल. पण जन्मठेपेतून सुटलेला माणूस साक्षीदाराच्या घरी गेला, एवढंच उद्या बाहेर दिसेल. त्याच्या मुलाने ‘धमकी दिली’ म्हटलं तर तुमच्या सुटकेच्या अटींवर येईल. अटी मोडल्या तर सरकार सुटका रद्द करून परत आत घेऊ शकतं. सुटकेचा आदेश काढून त्या अटी आजच वाचा. तुम्ही गेल्यावर त्याने काही सांगितलं, तरी ते दबावाखाली सांगितलं असंच धरलं जाईल. निकालानंतर साक्ष फिरवणाऱ्याकडे कोर्ट आधीच संशयाने बघतं. शिवाय खोट्या साक्षीचा गुन्हा त्याच्यावर येऊ शकतो, तेव्हा त्यालाही त्याचा वकील हवा. तुमच्या वकिलाने जावं, डॉक्टरांकडून तो शुद्धीत आणि बोलण्याच्या स्थितीत असल्याचा दाखला घ्यावा, नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करावं, जमलं तर चित्रीकरण. नुसतं मन हलकं करायला बोलावलं असेल, तर तेही तेव्हा कळेल. डायलिसिसवरचा माणूस आहे, महिनाभर विचार करत बसू नका. येत्या सोमवारी ठाणे गाठा.

जाताना कागद लागतील: सेशन कोर्टाचा निकाल, हायकोर्टाचा निकाल, टपरीवाल्याची साक्ष. कोर्टातून नकला मिळतात, पण इतक्या जुन्या केसच्या नकलांना वेळ लागतो आणि हातात असलेले कागद ते हातात असलेले. स्वतः स्टूल घेऊन माळ्यावर चढू नका. भावाला सांगा, पिशवी काढून दे. आणि काढली की विचारा, सोमवारी येतोस का सोबत.